फोडी कुणाला, रस्सा कुणाला? मका, अळंबी आणि बायकांच्या ताटाची गोष्ट



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या मासिक बैठकीत चांगलाच वाद रंगला. तालुक्याच्या प्रदर्शनात स्टॉलवर काय ठेवायचं, एवढाच विषय होता. पापड, लोणची, चटण्या सगळेच गट ठेवतात. आमच्यातल्या एका ताईंची मुलगी छत्रपती संभाजीनगरला हॉटेलचं शिक्षण घेते. ती सुट्टीत आली होती. ती म्हणाली, "मावशी, टाको करा ना! मक्याची तळहाताएवढी भाकरी, मधून दुमडायची, आत झणझणीत सारण. सारण मटणाचं असतं, पण आपण त्याच्या जागी अळंबी घालू."

झालं! एक आजी म्हणाल्या, "कुत्र्याची छत्री आमच्या तव्यावर चढायची नाही." एक काकू म्हणाल्या, "मका तर कोंबड्यांचं खाणं, तो काय पाहुण्यांना द्यायचा?" तिसरी म्हणाली, "हे परक्या देशाचं खाणं, आपल्याला काय करायचंय?" आणि चौथीनं मुद्द्याचं विचारलं, "मटणाच्या नावाखाली भाजी विकायची म्हणजे लोकांना फसवणंच की नाही?"

चारही प्रश्न खरे होते. म्हणून आम्ही ठरवलं, आधी या खाण्याचा इतिहास समजून घ्यायचा आणि मग तवा ठेवायचा. जे वाचलं, विचारलं, करून पाहिलं, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी परकेपणाचा प्रश्न घेऊ. आपल्या घरातला उपवासाचा डबा उघडा. शेंगदाणे, बटाटा, राजगिरा, साबुदाणा, हिरवी मिरची. एकादशीला चालणाऱ्या या वस्तूंपैकी एकही मुळात आपल्याकडची नाही. शेंगदाणा, बटाटा आणि साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तो कंद हे दक्षिण अमेरिकेतले. मिरची मेक्सिको आणि आसपासची. राजगिऱ्याचं दाणं तर मेक्सिकोतले लोक हजारो वर्षं खात आले. पोर्तुगीज दर्यावर्दी १४९८ साली कालिकतला उतरले, १५१० साली त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून यातलं बरंच काही आपल्या किनाऱ्याला लागलं. दौलताबादची सीताफळं आपण अभिमानानं पाहुण्यांना देतो, तेही झाड अमेरिकेतलंच. टोमॅटो, पेरू, पपई, राजमा, सगळ्यांचं माहेर तिकडेच. आणि ज्वारी? ती आली आफ्रिकेतून, पण फार फार जुन्या काळी. म्हणजे आपल्या चुलीनं पाहुण्याला कधी परत पाठवलेलं नाही. चार पिढ्या शिजवलं की पाहुणा घरचा होतो.

या शहराचंच बघा. मुहम्मद तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद ठेवलं. इथला प्रसिद्ध नान-कलिया त्याच्या फौजेबरोबर आला, असं सांगतात. मोठ्या जमावाला एकदम जेवू घालायचं, म्हणून भट्टीत भाजलेले नान आणि मटणाचा रस्सा. भाकरीत किंवा नानात सालन धरून खायची सवय या मातीला नवी नाही.

आता मका. मक्याचा जन्म मेक्सिकोतला. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी एका रानगवताची कणसं निवडत, पेरत, पुन्हा निवडत आजचा मका घडवला. हे बियाणं निवडण्याचं काम, मैत्रिणींनो, आपण आजही करतोच. चांगलं कणीस बाजूला काढून आढ्याला कोण बांधून ठेवतं? आज सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या आपल्या तालुक्यांत मक्याची शेतंच्या शेतं दिसतात. पण तो मका जातो कुठं? कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना. पिकवणारीच्या ताटात तो क्वचितच येतो, आला तर कणीस भाजून.

त्यामुळे आमचा पहिला प्रयोग फसला. आम्ही गिरणीतून मक्याचं पीठ आणलं, भाकऱ्या थापल्या, दुमडायला गेलो तर मधोमध तुटल्या. मुलगी हसत म्हणाली, "मावशी, तिकडे मका आधी चुन्यात शिजवतात." चुन्यात? पानाला लावतो तो चुना? हो, तोच. आणि इथंच आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट सापडली.

मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, साल चोळून धुऊन मग वाटतात. त्यानं दाण्याची साल सुटते आणि पीठ चिकट होतं, म्हणून भाकरी दुमडली तरी तुटत नाही. पण याहून मोठा फायदा डोळ्यांना दिसत नाही. मक्यात नायसिन नावाचं एक जीवनसत्त्व असतं, पण ते कुलपात असतं. साध्या शिजवण्यानं ते आपल्या अंगी लागत नाही. चुना ते कुलूप उघडतो.

स्पेनचे लोक १५१९ साली मेक्सिकोत उतरले, दोन वर्षांत त्यांनी तिथलं राज्य घेतलं. मका तर स्पेनच्या लोकांनी त्याआधीच युरोपात नेला होता. दाणे नेले, पण बायकांचं शहाणपण नेलं नाही. चुना तिथंच राहिला. पुढं स्पेन आणि इटलीतल्या गरीब शेतमजुरांना, जे जवळजवळ फक्त मक्यावरच जगत होते, एक भयंकर रोग जडू लागला. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, जुलाब, मग डोक्यावर परिणाम आणि शेवटी मरण. इटलीत त्याला पेलाग्रा नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातही तो पसरला. अनेकांना तो साथीचा रोग वाटला. जोसेफ गोल्डबर्गर नावाच्या डॉक्टरांनी १९१४ पासून काम करून दाखवून दिलं की हा जंतूंचा नाही, अपुऱ्या जेवणाचा रोग आहे. १९३७ साली नायसिन त्यावर लागू पडतं हे कळलं.

आता ऐका, हे आपल्या दाराशीही घडलं आहे. हैदराबादचे संशोधक डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली मांडलं की दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळतो. ज्वारी वाईट आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. ज्वारी उत्तमच. पण नुसती भाकरी आणि वर मिरचीचा ठेचा, वर्षानुवर्षं तेवढंच, हे शरीराला पुरत नाही. भाकरीला जोड लागते. डाळ, शेंगदाणे, पालेभाजी, अंडं, दूध, मांस, काहीतरी. आणि अळंबीत हेच नायसिन चांगल्या प्रमाणात असतं.

आता अळंबीकडे येऊ. आमच्या आजींचा राग उगाच नाही. मनुस्मृतीत द्विजांना जे वर्ज्य सांगितलं त्यात लसूण आणि कांद्याच्या पंगतीत अळंबीही बसवली आहे. गंमत अशी की लसूण-कांद्याशिवाय आपल्या बहुतेक घरांत फोडणी पडत नाही, पण अळंबी मात्र बाहेरच राहिली. दुसरं कारण भीतीचं, आणि ती भीती योग्य आहे. रानात उगवणाऱ्या काही छत्र्या जीवघेण्या विषारी असतात. खायची कोणती आणि विषारी कोणती, हे नुसतं बघून ओळखता येत नाही. चांदीचं नाणं काळं पडतं, किडे खातात म्हणजे चांगली, असल्या कसोट्या साफ खोट्या आहेत. त्यामुळे बांधावरची, उकिरड्यावरची छत्री कधीही आणायची नाही. लागवडीचीच अळंबी वापरायची. हे आम्ही गटाच्या नियमांत लिहूनच ठेवलं आहे.

पण अळंबी शाकाहारी की मांसाहारी? ती ना झाड, ना प्राणी. बुरशीचं एक वेगळंच कुळ आहे. आम्ही आजींना विचारलं, "आजी, तुमच्या काळ्या मसाल्यात दगडफूल असतं की नाही?" त्या म्हणाल्या, "त्याशिवाय मसाला कसला?" दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. ज्या कुळातली अळंबी, त्याच कुळातली बुरशी आपल्या मसाल्यात पिढ्यान्‌पिढ्या बसली आहे. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, पण तवा वेगळा ठेवा." आम्ही वेगळा ठेवला. श्रद्धेला धक्का देऊन धंदा करायचा नसतो.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला मात्र अळंबी मानाची आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानअळंबी ओळखणारी माणसं ती काढून आणतात आणि ती महागानं विकली जाते. गोव्यात तिला अळमी म्हणतात. श्रावणात घरात मांस-मासे बंद असतात, तेव्हा मटणाला वापरतात तोच शागुतीचा भाजक्या खोबऱ्याचा मसाला घालून अळम्यांची शागुती करतात. म्हणजे 'मटणाच्या जागी अळंबी' ही कल्पना आपल्या शेजारच्या बायकांनी केव्हाच करून ठेवली आहे.

आपण लावतो ती धिंगरी अळंबी. तिची कहाणीही भुकेतूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या सुमारास, जर्मनीत अन्नाची टंचाई पडली तेव्हा फाल्क नावाच्या शास्त्रज्ञांनी ती झाडांच्या बुंध्यांवर वाढवून दाखवली. आपल्या देशात हिमाचलमधल्या सोलनला १९६० च्या दशकात अळंबीवरचं काम सुरू झालं, आणि पुढच्या दशकात भाताच्या काडावर धिंगरी घेण्याची साधी रीत बसली. आपण ती गव्हाच्या काडावर किंवा सोयाबीनच्या भुसकटावर घेऊ शकतो. मळणीनंतर जे आपण पेटवून देतो किंवा उकिरड्यावर टाकतो, त्यावरच ती उगवते. शेत लागत नाही, सातबारा लागत नाही. ज्या बाईच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तिलाही एका खोलीत हे पीक घेता येतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जमत नाही, पावसाळा आणि हिवाळा त्याला मानवतो. काड नीट निर्जंतुक केलं नाही तर हिरवी बुरशी येऊन पिशव्या टाकून द्याव्या लागतात. आमच्या पहिल्या खेपेत निम्म्याहून जास्त पिशव्या तशाच गेल्या. म्हणून आधी कृषी विज्ञान केंद्रात शिकून घ्या, मगच बियाणं आणा.

आता चौथा प्रश्न. हे नकली मटण आहे का?

मैत्रिणींनो, मेक्सिकोत स्पेनचे लोक येण्याआधी गाय, डुक्कर, शेळी, मेंढी यांतलं काहीच नव्हतं. टर्की पक्षी, मासे, शिकार होती, पण रोजचं जेवण म्हणजे मक्याची भाकरी, घेवड्याचे दाणे, भोपळा, मिरची, टोमॅटो आणि अळंबी. साआगून नावाच्या स्पॅनिश पाद्र्यानं सोळाव्या शतकात तिथल्या लोकांना विचारून विचारून एक प्रचंड ग्रंथ तयार केला, त्यात खाण्याच्या अळंबीची नोंद आहे. इतकंच काय, मक्याच्या कणसावर जी काणी पडते, जिला आपण रोग म्हणून फेकतो, ती तिथं आजही चवीनं खातात. म्हणजे मक्याच्या भाकरीत अळंबी हा जुना प्रकार, आणि गाय-डुकराच्या मांसाचं सारण हे नंतर आलेलं. बदली कोण, मूळ कोण, हे तुम्हीच ठरवा.

आपल्याकडेही तेच आहे. जुन्नर, आंबेगावकडची मासवडी घ्या. नावात मास, पण आत तीळ, खोबरं, शेंगदाणे, लसूण आणि बाहेर बेसन. आपल्या मराठवाड्यातली पाटवडी, डुबुकवडे, वाळवलेले सांडगे, येसर घातलेली आमटी घ्या. हे सगळं कशासाठी जन्माला आलं? रस्सा मटणासारखाच काळा, तर्रीदार, फक्त फोडीच्या जागी डाळीची वडी. कुणी माळकरी म्हणून, कुणी वार पाळायचा म्हणून, आणि पुष्कळ जणी मटण परवडत नाही म्हणून.

इथं आम्हाला आमच्याच घरातलं एक जुनं चित्र आठवलं. रविवारी अर्धा किलो मटण येतं. घरात आठ माणसं. आधी पुरुषांची पंगत, मग लेकरं, मग म्हातारी माणसं. फोडी त्यांच्या ताटात. शेवटी पातेल्यात उरतो रस्सा आणि एखादं हाड. तो रस्सा भाकरीबरोबर चुरून कोण खातं? जिनं मसाला वाटला ती. बैठकीत हे निघालं तेव्हा एकीनंही नाही म्हटलं नाही. आपल्याला मटणाची चव मिळत आली, मटण नाही. म्हणजे बिनफोडीचा रस्सा हे आपलं रोजचंच जेवण होतं. अंगात रक्त कमी, हे आपल्या तपासणीच्या कागदावर वारंवार लिहून येतं, त्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक या पातेल्यात आहे.

म्हणून इथं खरं बोललं पाहिजे. अळंबी चवीला मटणाची जागा घेते, ताकदीला एकटी घेत नाही. १०० ग्रॅम मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच ताज्या अळंबीत जेमतेम ३ ग्रॅम. त्यामुळे नुसती अळंबी भाकरीत घालून 'हे मटणाइतकंच' म्हणणं ही फसवणूकच. मेक्सिकोतल्या बायका तिच्याबरोबर घेवड्याचे दाणे खात आल्या, ते उगाच नाही. आपणही राजमा, चवळी, हरभरा किंवा शेंगदाणे सोबत घालायचे. भाकरी, कडधान्य आणि अळंबी, तिघी मिळून घर चालवतात.

आमची रीत अशी बसली. एक किलो कोरडा मका, पेरणीचं औषध लावलेलं बी मात्र कधीच नाही. साधारण १० ग्रॅम खायचा चुना तीन लिटर पाण्यात कालवायचा. स्टीलचं पातेलं घ्यायचं, ॲल्युमिनियमचं नको, कारण चुना त्याला खातो. अर्धा-पाऊण तास शिजवून रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी साल चोळून तीन पाण्यांनी स्वच्छ धुवायचं आणि बारीक वाटायचं. छोट्या भाकऱ्या थापून तव्यावर शेकायच्या, फडक्यात गुंडाळून ठेवायच्या. अळंबी हातानं उभी फाडायची, आधी कोरड्या गरम तव्यावर तिचं पाणी आटवायचं, मग तेल, कांदा, लसूण, काळा मसाला, सिल्लोडकडची मिरची, आणि मीठ शेवटी. पाणी आटवलं नाही तर ती रबरासारखी लागते. शिजवलेली चवळी ठेचून भाकरीला लावायची, वर अळंबी, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू. दुमडायची आणि द्यायची.

जाता जाता वाटण्याची गोष्ट. मेक्सिकोत हा भिजलेला मका दगडी पाट्यावर वाटत, अगदी आपल्या पाट्या-वरवंट्यासारखा. पहाटे उठून गुडघ्यांवर बसून कित्येक तास. आपल्या आया-आज्यांनी जात्यावर घातलेले तेच तास. त्या तासांत त्यांनी रचलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या गटानं गोळा केल्या, म्हणून आज त्या आपल्याला ऐकता येतात. मेक्सिकोत विसाव्या शतकात ओला मका दळणारी गिरणी आली. पुरुष म्हणाले, भाकरीला पाट्याची चव नाही, आणि बायका आळशी होतील. ओळखीचं वाटतं ना?

पण पुढं काय झालं ते महत्त्वाचं. १९३४ ते १९४० या काळात लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना गावोगावच्या बायकांनी आपले संघ बांधले आणि सरकारकडे गिरणी मागितली. ला लागुना नावाच्या कापसाच्या पट्ट्यातही, म्हणजे आपल्यासारख्याच भागात, या संघांनी सहकारी गिरण्या चालवल्या. गिरणीचा ताबा कुणाकडे यावरून गावात भांडणं झाली, कारण ज्याच्या हाती गिरणी त्याच्या हाती रोजचा पैसा. पण पहाटेचे ते तास बायकांना परत मिळाले. त्या बायकांनी बचतगट हा शब्द ऐकला नव्हता, पण काम तेच केलं.

प्रदर्शनात आमच्या पाटीवर आम्ही 'टाको' लिहिलं, त्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलं 'मका-अळंबी भाकरी', आणि त्याखाली 'यात मटण नाही'. चौथीच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं सोपं होतं. दुपारपर्यंत भाकऱ्या संपल्या. पण आम्हाला जास्त समाधान दुसऱ्याच गोष्टीचं झालं. उरलेलं सारण घेऊन संध्याकाळी आम्ही सगळ्या जणी एकत्र जेवायला बसलो. आधी कुणाची पंगत नाही, नंतर कुणाची नाही. आजी वेगळ्या तव्यावरची आपली ज्वारीची भाकरी घेऊन आमच्यातच बसल्या. त्यांनी अळंबी खाल्ली नाही, पण चवळी मात्र दोनदा मागून घेतली.

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढंच करा. घरात काहीही शिजवा, मटण, वडी, अंडी किंवा अळंबी. पण वाढायला बसताना आधी मोजा, फोडी किती आणि माणसं किती. आणि त्या मोजणीत स्वतःला धरायला विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. राम राम.